गॅलरीतल्या यंत्रावर १८०, ॲपवर १०५, आणि संशोधक म्हणतात "सांगता येणार नाही"

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यालगत राहणाऱ्या एका गृहस्थांनी गॅलरीत हवेचं प्रदूषण मोजणारं छोटं यंत्र लावलं. डिसेंबरात सकाळी सातला ते १८० दाखवतं, त्याच वेळी फोनवरच्या ॲपमध्ये शहराचा निर्देशांक १०५ असतो. घरात आईला दमा आहे. आमच्या गल्लीत हे येतं कुठून, असं त्यांनी विद्यापीठातल्या एका संशोधकांना विचारलं, तर उत्तर मिळालं, "एवढ्यावरून सांगता येणार नाही." त्यांचा सवाल असा, की इतकी वर्षं अभ्यास करून हेही सांगता येत नसेल तर ही मंडळी करतात काय? हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांचा या धुराशी संबंध काय? आणि एमएस्सी भौतिकशास्त्र करणारी मुलगी याच विषयात पीएचडी करायची म्हणते, तिला काय सांगायचं, तिनंही आयुष्यभर "सांगता येत नाही" म्हणायचं का?

मी पुण्यातच विद्यापीठात हवेतले सूक्ष्म कण आणि त्यांचा पावसापाण्यावर होणारा परिणाम या विषयावर काम करत आलो आहे. "सांगता येणार नाही" हे वाक्य मीही अनेकांना ऐकवलं आहे, त्यामुळे त्यामागचं सगळं सांगणं माझ्याकडे लागतं.

आधी आईंचं, कारण त्यासाठी कुणाच्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. हिवाळ्यात पुण्याची हवा सगळ्यांत वाईट असते ती पहाटेपासून सकाळी साधारण नऊपर्यंत, आणि त्यातल्या त्यात बरी असते दुपारी तीन-चारच्या सुमारास. आई सकाळी सहाला फिरायला जात असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते फिरणं दुपारी चारनंतर, अंधार पडायच्या आत न्या. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी बंद ठेवा, दुपारी उघडा. औषधांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

सकाळच दुष्ट का, हे समजलं की पुढचं बरंच सोपं होतं. रात्री जमीन थंड होते, तिला चिकटून असलेली हवा थंड आणि जड होते, आणि वर तुलनेनं उबदार थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी धूर वर जात नाही. दोनशे-तीनशे मीटर, कधी त्याहूनही कमी उंचीत कोंडून राहतो. ऊन चढलं की तीच हवा दीड-दोन किलोमीटरपर्यंत घुसळली जाते. म्हणजे गल्लीत धूर तेवढाच निघाला तरी सकाळचा आकडा दुपारच्या कित्येक पट येऊ शकतो. पुण्याच्या आजूबाजूला डोंगर आहेत, नदीकाठचा भाग सखल आहे, तिथे हे जास्त जाणवतं. मुंबईत दिवसा खारे वारे समुद्राकडून येऊन हवा हलवतात, पण हिवाळ्यात ते उशिरा सुटले किंवा कमजोर पडले की तिथेही हेच होतं. तेव्हा सकाळी आकडा वाढला म्हणजे सकाळी कुणीतरी जास्त धूर सोडला, असा अर्थ लगेच निघत नाही.

आता १८० आणि १०५. तुम्हाला वाटतंय यातला एक आकडा खोटा आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. बाजारातली बहुतेक घरगुती यंत्रं अमेरिकेच्या मोजपट्टीवर निर्देशांक दाखवतात. आपली सरकारी ॲप भारतीय मोजपट्टी वापरतात. हवेत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो, आणि त्याच हवेचा अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या वर जातो. शिवाय भारतीय निर्देशांक कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो, तुमचं यंत्र त्या मिनिटाचं बोलतं. तुमचा १८० उलटा फिरवला तर साधारण १०० मायक्रोग्रॅम निघतात. ॲपचा १०५ जर पीएम २.५ मुळे असेल तर तो दिवसभराच्या सरासरीनं ६० च्या किंचित वर आहे. सकाळी सातला १०० आणि दिवसाची सरासरी ६२, यात विसंगत काहीच नाही. एक गोष्ट मात्र तपासा: भारतीय निर्देशांक हा ज्या प्रदूषकाचा आकडा सर्वांत जास्त येतो त्याचा असतो. ॲपवर "पीएम १०" (दहा मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे जाडेही कण) लिहिलेलं असेल तर तुम्ही दोन वेगळ्याच गोष्टींची तुलना करताय. यापुढे यंत्रावर निर्देशांक न बघता मायक्रोग्रॅम बघा. बहुतेक यंत्रांत ती सोय असते.

तरीही तुमचं यंत्र डिसेंबरच्या पहाटे थोडं वाढवून सांगत असणार, आणि त्याचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. त्याच्या आत एक बारीक पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण त्या हवेतून जातो, कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश मोजला जातो. वजन कुठेच मोजलं जात नाही. प्रकाशावरून वजनाचा अंदाज करताना कणांचा आकार, घनता, रंग यांबद्दल काही गोष्टी कारखान्यातच गृहीत धरलेल्या असतात. हवेतले सल्फेट-नायट्रेटचे कण दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला की पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि यंत्राला वाटतं धूळ वाढली. नदीकाठचं धुकं असेल तर बोलायलाच नको. उलट ट्रकच्या नळीतून नुकतीच निघालेली काजळी इतकी बारीक असते, की तिचा मोठा भाग या लेसरला दिसतच नाही. रस्त्यावरची जाडी धूळ त्या पंख्यानं नीट ओढली जात नाही. म्हणजे एकच यंत्र धुक्यात जास्त सांगतं आणि ट्रकच्या धुरात कमी.

सरकारी केंद्रावर जे यंत्र असतं ते वेगळ्या तत्त्वावर चालतं. त्यात हवा आधी तापवून कोरडी करतात, ती फिल्टरच्या पट्टीतून ओढतात, आणि पट्टीवर साठलेल्या थरातून बीटा किरण किती अडले यावरून वजन काढतात. तासाला एक आकडा. ते लाखांत जातं, त्याला वातानुकूलित खोली लागते, नियमित तपासणी लागते, म्हणून ते प्रत्येक गल्लीत बसत नाही. आणि जिथे बसतं तिथलंच सांगतं. तुमच्या गल्लीपासून ते चार-पाच किलोमीटरवर, झाडांच्या आवारात असेल, तर तुमच्या दारातल्या डंपरचं त्याला काही कळत नाही. तुमचं यंत्र स्वस्त असलं तरी योग्य जागी आहे, आणि ही त्याची खरी किंमत आहे.

इथपर्यंतचं इतकंच लक्षात ठेवा: आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, मोजपट्टी, वेळ आणि दमटपणा यांमुळे वेगळे दिसतात. पण आकडा शंभर टक्के बिनचूक आला, तरी तो "किती" एवढंच सांगतो. "कुणामुळे" हा वेगळाच प्रश्न आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आमच्या कामाचा बहुतेक वेळ या दोन प्रश्नांमधल्या अंतरात जातो.

ते अंतर कसं कापतात? एक वाट यादीची. शहरात किती वाहनं, कोणत्या इंधनाची, किती चालतात. किती बेकऱ्या, त्या लाकडावर की गॅसवर. किती बांधकामं, किती कच्चे रस्ते, कुठे कचरा जळतो. प्रत्येकाला एक गुणक लावायचा आणि बेरीज करायची. ही उत्सर्जनाची यादी. तिचा दुबळेपणा असा, की नोंदणीकृत बस मोजता येते, पण थंडीत सोसायटीच्या फाटकावर पेटलेली रखवालदारांची शेकोटी किंवा रात्री गुपचूप पेटवलेला प्लास्टिकचा ढीग कुठल्याच नोंदवहीत नसतो.

दुसरी वाट उलट दिशेनं जाते: हवेतला कण पकडायचा आणि तो कुठून आला हे त्यालाच विचारायचं. मी आयुष्यभर मुख्यतः हे केलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फिल्टर म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंद, कागदासारखी चकती. ती ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या खोलीत दिवसभर ठेवायची, मग मायक्रोग्रॅमपर्यंत वजन सांगणाऱ्या तराजूवर तोलायची. बोट लावायचं नाही, चिमटा वापरायचा, कारण बोटाचं तेलही वजनात येतं. मग ती नमुना घेणाऱ्या यंत्रात बसवायची. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर दिवसभराच्या हवेतून त्या चकतीवर साठतं ते सगळं मिळून दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. त्या एवढ्याशातून पुढचं सगळं वाचायचं असतं. म्हणून ठरावीक नमुन्यांमागे एक कोरा फिल्टरही तिथे नेतात, यंत्रात बसवतात, हवा न ओढता परत आणतात आणि तोलतात. त्यावर काही सापडलं तर ते आमच्या हाताळणीतून आलं, हे कळतं. नवीन विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते संशोधक घडतो तो इथे.

फिल्टरवर काय सापडतं? ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम जास्त असेल तर माती, रस्ता, बांधकाम. सोडियम आणि क्लोरीन जोडीनं आले तर समुद्राचं मीठ. नुसतं क्लोरीन पोटॅशियमसोबत थंडीच्या रात्री वाढलं तर कचरा-प्लास्टिकचा संशय. तांबं आणि बेरियम हे गाड्यांच्या ब्रेकच्या झिजेतून येतात. दिवाळीत मात्र बेरियम फटाक्यांतून येतं, म्हणून तारीख बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. लाकूड किंवा पालापाचोळा जळला की लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ तयार होतो, तो डिझेल जळून तयार होत नाही. लाकडाच्या धुराची ती खूणच. सल्फेट दिसलं तर त्याचं मूळ बहुधा गंधक असलेल्या कोळशात किंवा तेलात, आणि कदाचित शेकडो किलोमीटर दूर.

पण एका फिल्टरवरून हे वाटे पाडता येत नाहीत. कोणते घटक एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात हे गणितानं शोधावं लागतं, आणि त्यासाठी शंभराच्या आसपास तरी नमुने लागतात, तेही सगळ्या ऋतूंतले. फक्त डिसेंबरचे नमुने घेतले तर उत्तर फक्त डिसेंबरचं येईल. नमुने एक वर्ष, प्रयोगशाळेतली तपासणी, गणित, त्याची उलटतपासणी, असं करता करता दोन-तीन वर्षं सहज जातात. गणितातून जे गट बाहेर पडतात त्यांच्यावर नावं लिहिलेली नसतात. "हा वाहनांचा", "हा लाकडाचा" हे आम्ही ठरवतो, आणि दुसऱ्या अभ्यासकाचा त्यावर मतभेद असू शकतो. म्हणून एखाद्या शहराबद्दल "वाहनांचा वाटा अमुक टक्के" असं वाचलंत, तर कोणत्या ऋतूतला, पीएम १० चा की पीएम २.५ चा, आणि शहरात किती ठिकाणी मोजून काढला, एवढं विचारत जा. या तीन गोष्टी बदलल्या की टक्केवारी बदलते. जाड कणांत रस्त्याची धूळ सरस ठरते, बारीक कणांत धूर आणि हवेतच तयार झालेले कण. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते. त्यामुळे रस्ते धुण्या-झाडण्यावर पैसा गेला, तर फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण तितकेच राहण्याचा धोका उरतो. हे मला पटत नाही आणि मी ते जाहीरपणे सांगत आलो आहे.

एक उदाहरण देतो. एका उपनगरातल्या रहिवाशांची खात्री होती की त्यांचा सगळा त्रास जवळच्या तयार काँक्रीटच्या प्लँटमुळे आहे. आम्ही तिथे कणमोजणी आणि वाऱ्याची दिशा एकत्र नोंदवली, आणि काही रात्रींचे फिल्टर वेगळे घेतले. दिवसा वारा प्लँटकडून आला की पीएम १० चढायचा. रहिवाशांचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर होतं. पण पीएम २.५ चा सगळ्यांत वाईट काळ मध्यरात्र ते पहाट होता, तेव्हा प्लँट बंद असायचा आणि वारा जवळजवळ पडलेला असायचा. त्या फिल्टरवर लेव्होग्लुकोसान, पोटॅशियम, क्लोरीन सापडलं. जवळच रात्री कचरा आणि लाकूडफाटा जळत होता. लोकांना एक गुन्हेगार हवा होता, आमच्याकडे दोन निघाले, आणि दोघांचे उपाय अगदी वेगळे: एकीकडे झाकणं आणि पाण्याची फवारणी, दुसरीकडे रात्रीचं कचरा-व्यवस्थापन आणि रखवालदारांसाठी विजेचा हीटर. पहिल्याच आठवड्यात "प्लँटमुळे" असं आम्ही म्हटलं असतं तर प्लँट झाकला गेला असता आणि मुलांचा रात्रीचा खोकला तसाच राहिला असता.

तुमच्या गल्लीत काय निघेल ते मला इथून सांगता येत नाही. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, गल्ली दोन्ही बाजूंनी उंच इमारतींत दबलेली आहे का, वारा कुठून येतो, जवळ काय जळतं, यावर ते अवलंबून आहे. पण निम्मं काम तुम्ही करू शकता. तसंच दुसरं यंत्र घ्या किंवा शेजाऱ्यांचं मागा. पहिले दोन आठवडे दोन्ही एकाच कठड्यावर शेजारी-शेजारी ठेवा आणि त्यांच्यातला कायमचा फरक टिपून घ्या. मग एक रस्त्याकडे आणि दुसरं इमारतीच्या मागच्या बाजूला, त्याच मजल्यावर लावा. प्रत्यक्ष आकड्याकडे फार बघू नका. दोघांतल्या फरकाकडे बघा. धुक्याची चूक दोन्हीकडे साधारण सारखीच असते, तिचा बराच भाग वजाबाकीत जातो. रस्त्याकडचं यंत्र गर्दीच्या वेळी सतत वर राहिलं तर वाटा रस्त्याचा आहे. दोन्ही एकत्र चढले-उतरले तर ते तुमच्या गल्लीचं नाही, सगळ्या परिसराचं आहे. सोबत वही ठेवा: कधी जळका वास आला, कधी डंपर उभे होते, कधी वीज जाऊन जनरेटर चालला. तासातासाची नोंद, दमटपणाच्या रकान्यासकट, घेऊन संशोधकांकडे गेलात तर संभाषणच वेगळं होईल.

आणि परिसराचं म्हणजे किती मोठ्या परिसराचं? बारीक कणांतला बराच भाग कुठल्याच धुराड्यातून कण म्हणून निघालेला नसतो. गंधक डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, शेतातून आणि जनावरांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया हे वायू हवेत एकमेकांना भेटतात आणि तिथे कण बनतात. कोरडा कण पाऊस नसेल तर हवेत कित्येक दिवस राहतो, तेवढ्या दिवसांत वारा त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. २०२० च्या टाळेबंदीत हे आपल्याला दिसलं. वाहनं थांबली तशी नायट्रोजन डायऑक्साइडची घट उपग्रहांनाही दिसली, पण बारीक कण शून्यावर आले नाहीत, आणि काही शहरांत जमिनीलगतचा ओझोन उलट वाढला, कारण ओझोन खाणारा गाड्यांचा धूरच कमी झाला होता. ती घट किती टाळेबंदीमुळे आणि किती त्या वर्षीच्या वाऱ्यापावसामुळे, हे वेगळं काढायला अभ्यासकांना पुढे बराच काळ लागला.

इथूनच हवामानबदलाचा धागा सुरू होतो. हेच कण सूर्यप्रकाश अडवतात. सल्फेट प्रकाश परत पाठवतं आणि खालची जमीन थंड ठेवतं. काजळी तो शोषून हवा तापवते. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. विमानं, जहाजं, बेटांवरची केंद्रं यांतून दिसलं, की हिवाळ्यात आपल्या उपखंडातला धूर लाखो चौरस किलोमीटर समुद्रावर तपकिरी थरासारखा पसरतो. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर तर आपला मान्सून चालतो. तो फरक कमी झाला की पावसावर परिणाम होतो. २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं भारताच्या हवामानबदलाचा जो आढावा काढला, त्यात पुण्याच्या आयआयटीएमचा (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा) मोठा हात होता. त्यानुसार १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस देशभरात साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात विशेष दिसली. हरितगृह वायूंमुळे पाऊस वाढायला हवा होता. कणांच्या थरानं तो परिणाम झाकून टाकला, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

जगाच्या पातळीवरही तेच. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशानं तापली आहे, आणि मुख्यतः कणांमुळे झालेली थंडाई शून्य ते ०.८ अंश यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. ही श्रेणी केवढी रुंद आहे बघा. गल्लीतल्या कणाचा रंग, आकार, दमटपणातलं फुगणं आणि त्याचा ढगांवर होणारा परिणाम आपल्याला नीट माहीत नाही, म्हणून ती रुंद आहे. तुमच्या यंत्राची पहाटेची अडचण आणि संगणकावर चालणाऱ्या हवामानाच्या मोठ्या प्रारूपांची (मॉडेलांची) अडचण काही अंशी एकच आहे. म्हणून आमच्या विभागात फिल्टर तोलणारा विद्यार्थी आणि संगणकावर पुढच्या शतकाचं हवामान चालवणारा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसतात.

यातून एक अवघड गोष्ट समोर येते. सल्फेट काढलं तर माणसं वाचतात, पण त्यानं झाकलेली उष्णता उघडी पडते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली, तेव्हापासून समुद्र किती जास्त तापला यावर जोरदार अभ्यास चालू आहे. काही लोक यावरून म्हणतात, मग प्रदूषण राहू द्या. हे मला साफ नामंजूर आहे. कण काही दिवसांत धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं टिकतो; आज गंधकाच्या धुरानं गारवा विकत घ्यायचा आणि त्याची किंमत मुलांच्या फुप्फुसांनी मोजायची, हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही. वाट एकच: कोळसा आणि तेल जाळणंच कमी करायचं, म्हणजे दोन्ही एकत्र उतरतात. कोळशाच्या वीज केंद्रांच्या धुराड्यावर गंधक धुणारं यंत्र बसायला हवं, त्यासाठीचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली; पण त्या यंत्रानं कार्बन कमी होत नाही, हेही सांगायला हवं.

"करतात काय" याचं आणखी एक उत्तर आहे, आणि ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं: सलग नोंद ठेवणं. हवामानाची सरासरी ठरवायला ३० वर्षं धरतात. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा ते दहा लाखांत ३१५ भाग होतं. आता ४२० च्या वर आहे. ती नोंद मधे सोडून दिली असती तर आज कशाशी तुलना करणार होतो? आपल्याकडे गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून हवेचे नमुने बाटल्यांत भरून तपासायला सुरू झाले. जागा अचूक निवडलेली: पावसाळ्यात तिथे समुद्रावरून दक्षिण गोलार्धातली स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात उपखंडावरची, आणि दोन्हींतला फरक आपला हिशेब सांगतो. पण २००२ नंतर त्या मालिकेत खंड पडला. पुढे आयआयटीएमनं तुमच्या रस्त्याच्या टोकाला सिंहगडावरही असे नमुने घेतले. गेलेली वर्षं मात्र परत मोजता येत नाहीत. आपल्याकडे प्रकल्पाचा पैसा साधारण तीन वर्षांसाठी येतो. यंत्र घ्यायला मिळतं, चौथ्या वर्षी त्याच्या दुरुस्तीला आणि तपासणीच्या वायूच्या नळकांड्याला मिळत नाही. चालू यंत्रावर कापड टाकलेलं बघणं हे या व्यवसायातलं मला सर्वांत जास्त लागणारं दुःख आहे. नागरिक म्हणून तुम्ही नगरसेवकांकडे, आमदारांकडे काही मागणार असाल तर नव्या यंत्राच्या उद्घाटनाआधी जुन्या यंत्राच्या देखभालीचा पैसा मागा.

आता मुलीचं. भौतिकशास्त्राची पदवी या विषयाला उत्तम पाया आहे. प्रकाशाचं विखुरणं, उष्णतेचं वहन, द्रवगतिकी, संख्याशास्त्र, सगळं रोज लागतं. रसायनाची भीती सोडावी लागेल, आणि पायथॉन किंवा आर यांपैकी एक भाषा हातात पक्की हवी. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार विद्यावेतन आणि घरभाडं असतं. ते नेहमी वेळेवर हातात पडतंच असं नाही, घरून थोडा आधार असलेला बरा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, पाषाणला आयआयटीएम आहे, पवईला आयआयटीत हवामानाच्या अभ्यासाचं केंद्र आहे, नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. म्हणजे दूर जायलाच हवं असं नाही. पुढे प्राध्यापकी मिळणं कठीण आहे, जागा थोड्या आहेत. पण प्रदूषण नियंत्रण मंडळं, विमा आणि वीज कंपन्या, हवामान अंदाजाच्या संस्था यांना अशी माणसं लागतात.

"आयुष्यभर सांगता येत नाही म्हणायचं का?" असं तुम्ही विचारलंय. नाही. आज सांगता येत नाही ते कोणती गोष्ट मोजली म्हणजे सांगता येईल, हे तिनं शोधायचं असतं, आणि मग जाऊन ती मोजायची असते. त्यात तिला आनंद वाटत असेल तर तिला अडवू नका. कागदावर चमकणाऱ्या निकालाची घाई असेल, तर भौतिकशास्त्रात दुसऱ्या पुष्कळ शाखा आहेत.

आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर किती शोधनिबंध आहेत यापेक्षा तिनं प्रयोगशाळेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. यंत्रांपैकी आज चालू किती आहेत? शेवटची तपासणी कधी झाली, आणि तिचा कागद दाखवता येईल का? प्रकल्पाचा पैसा संपल्यावर नोंद कोण चालू ठेवतं? आधीच्या विद्यार्थ्यांचा मूळ डेटा, कोऱ्या फिल्टरांसकट, कुठे ठेवलेला आहे? मार्गदर्शक हे प्रश्न ऐकून खूश झाले आणि स्वतः उठून वह्या काढू लागले, तर तिनं तिथे जावं. उत्तरं टाळली गेली तर कितीही मोठं नाव असलं तरी दुसरा गट शोधावा.